आपली पायरी ओळखताना

गेल्या जूनमधली गोष्ट. दिवेलागणीची वेळ, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती आणि दारात आमच्या बचत गटातल्या एक बाई लेकीला घेऊन उभ्या राहिल्या. बाई एका मेसमध्ये पोळ्या करतात. नवरा गेल्यापासून दोन मुलांचा संसार त्यांच्याच जिवावर चाललाय. लेक नुकतीच बारावी झालेली, कला शाखेतून. तिच्या हातात तीन रंगीत पत्रकं होती. तिन्हींवर रुग्णवाहिकेचं चित्र आणि तिन्हींवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द, ‘ईएमटी’. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. म्हणजे रुग्णवाहिकेत रुग्णाशेजारी बसून, दवाखाना येईपर्यंत त्याचा जीव सांभाळणारा माणूस.

पहिलं पत्रक चार महिन्यांच्या ‘बेसिक’चं, फी २५ हजार. दुसरं एक वर्षाच्या ‘ॲडव्हान्स्ड डिप्लोमा’चं, फी ८५ हजार. तिसरं पदवीचं. तीन वर्षं शिक्षण, वर एक वर्ष प्रत्यक्ष काम आणि फी दर वर्षाला लाखाच्या पुढे.

“ताई, गटातनं कर्ज काढीन म्हणते. पण कशात घालायचं ते तुम्ही सांगा,” आई म्हणाली.

मुलगी मात्र ठाम होती. “काकू, काम मला हेच करायचंय. कागद कुठला घ्यायचा तेवढंच कळत नाहीये.”

तिला हे वेड लागायला कारण होतं. आदल्या वर्षी तिच्या चुलतवहिनीला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ची गाडी आली, आणि सोबत म्हणून हीच बसली. दवाखाना गाठायच्या आत गाडीतच बाळ झालं. गाडीतल्या डॉक्टरांनी सगळं निगुतीनं केलं आणि हिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं बाळ दिलं. ते बाळ आता वर्षाचं झालंय आणि ही अजून त्या रात्रीतून बाहेर आलेली नाही.

मी काय सांगितलं असेल? मी बी.ए. मराठी, बावीस वर्षं घर आणि अधूनमधून समाजकार्य. मी आपलं सरळ सांगून टाकलं, “झेपेल तेवढा मोठा कोर्स कर. कागद मोठा तर मान मोठा.” आपण सगळ्या असंच सांगतो, नाही का? मुलं दहावी झाली की बारावी, बारावी झाली की पदवी, पदवीवर आणखी काहीतरी. थांबायचं कुठं आणि का, याचा विचार आपल्या घरांमध्ये फारसा होतच नाही.

त्या दोघी गेल्या. जेवणं झाली, ओटा आवरला, पण मला काही झोप लागेना. कारण मला अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. २००९ सालच्या मे महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तेव्हा महाराष्ट्रात १०८ नव्हती. शेजाऱ्यांच्या ओळखीनं एका खाजगी दवाखान्याची रुग्णवाहिका आली. चालकाबरोबर विशी-बाविशीचा एक मुलगा होता, पांढरा कोट घातलेला, खिशावर ‘टेक्निशियन’ असा बिल्ला. तो बिल्ला बघून मला केवढा धीर आला म्हणून सांगू! वाटलं, चला, माहीतगार माणूस आला. त्यानं अण्णांना ऑक्सिजनचा मास्क लावला. अर्ध्या वाटेत अण्णांची मान कलली. मुलानं नाडी बघितली, परत बघितली आणि चालकाला ओरडून सांगितलं, “फास्ट घे रे.” त्यानंतर दवाखाना येईपर्यंतची आठ-दहा मिनिटं तो अण्णांचा हात धरून बसून होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी सीपीआरचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा मला कळलं की त्या आठ-दहा मिनिटांत काय करायला हवं होतं. हृदय थांबलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण चार मिनिटांनंतर मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणून त्या क्षणी छातीच्या मधोमध दोन्ही हातांचे तळवे ठेवून दाब द्यायचे असतात. किमान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, अगदी न थांबता. काहीच न करता घालवलेल्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

अण्णा वाचले असते असं मी म्हणत नाही. वय होतं, आजार होता. पण तेराव्याच्या आधी तो मुलगा आमच्याकडे येऊन गेला. डोळे खाली घालून म्हणाला, “काकू, कोर्समध्ये बाहुली लांबूनच दाखवली होती. हात लावायला मिळाला नाही. परीक्षा नुसती लेखी झाली.” त्याच्यावर मला तेव्हाही रागावता आलं नाही, आजही येत नाही. त्याच्या खिशाला तो बिल्ला कुणीतरी लावला होता. आणि तो बिल्ला बघून आम्ही निर्धास्त झालो होतो.

म्हणूनच सकाळी उठल्या उठल्या मी त्या मुलीला निरोप धाडला. म्हटलं, काल सांगितलं ते विसर. आपण दोघी मिळून नीट चौकशी करू, आणि मग ठरवू.

मैत्रिणींनो, ‘पायरीनं राहावं’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बाईनं पायरीनं राहावं, सुनेनं पायरीनं राहावं, गरिबानं पायरीनं राहावं. या वाक्याची चीड तुमच्यासारखी मलाही आहे. पण या एका कामात पायरीचा अर्थ वेगळा आहे हे मला चौकशी करताना उमगलं. इथे पायरी म्हणजे मानपान नव्हे. समोरच्या रुग्णाला तुम्ही काय करायचं आणि काय करायचं नाही, याची आखलेली हद्द म्हणजे पायरी.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. हायवेवर मोटारसायकलच्या मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात अडकतो आणि ती पडते. शुद्ध हरपलेली, पायातून रक्त वाहतंय.

सगळ्यांत आधी पोचतो तो रस्त्यावरचा माणूस. तुमच्या-माझ्यासारखा. त्याला प्रथमोपचार येत असतील तर तो १०८ला फोन करतो, रक्त येतंय तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरतो, तिला पाणी पाजत नाही आणि हात-पाय धरून उचलून रिक्षात कोंबू देत नाही. हे एक-दोन दिवसांत शिकता येतं. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था इंग्लंडमध्ये १८७७ साली सुरू झाली ती हेच शिकवायला. आपल्याकडे १९२० साली स्थापन झालेली रेडक्रॉसही प्रथमोपचार शिकवते. मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीतीही आता बाळगायला नको. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच ती तरतूद आली.

दुसरी पायरी बेसिक ईएमटीची. तो त्या बाईची मान न हलवता मानेला पट्टा बांधतो, तिला सपाट फळीवर घेतो, श्वासाची वाट मोकळी ठेवतो, ऑक्सिजन देतो, मोडलेल्या पायाला आधार बांधतो, नाडी आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवतो, आणि कसा रुग्ण येतोय हे दवाखान्याला आधी कळवतो. हृदय थांबलं तर सीपीआर आणि शॉक देण्याचं स्वयंचलित यंत्र वापरतो. गाडीत बाळंतपण आलं तर तेही सांभाळतो. पण सुई टोचून औषध देणं साधारणपणे त्याच्या हद्दीत नसतं.

तिसरी पायरी ॲडव्हान्स्डची. तो शिरेत सुई घालून सलाइन लावतो, ईसीजी काढतो, श्वासनलिकेची वाट राखण्यासाठी अधिक अवघड साधनं वापरतो, आणि डॉक्टरांच्या आदेशानं ठरावीक औषधं देतो. आणि पदवी घेतलेला माणूस हे सगळं करून शिवाय ते का करायचं हे खोलवर शिकलेला असतो. दवाखान्याच्या तातडीच्या विभागात काम करणं, पुढे दुसऱ्यांना शिकवणं, हाताखालच्यांवर देखरेख ठेवणं, या वाटा त्याला मोकळ्या होतात.

आता सांगा, त्या पडलेल्या बाईसाठी यातलं मोठं कोण आणि छोटं कोण? सलाइन सुरेख लावलं, पण उचलताना मान वाकडी झाली तर त्या सलाइनचा काय उपयोग? वरची पायरी खालच्या पायरीवर उभी असते. खालची कच्ची असेल तर वरचा कागद धोक्याचाच. अण्णांच्या वेळी त्या मुलाला सलाइन येण्याची गरजच नव्हती. त्याला खालचंच काम पक्कं यायला हवं होतं.

माझी मामेबहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिच्याशी फोनवर बोलताना हा विषय निघाला. तिच्या शेजारचा कॉलेजातला मुलगा सुट्टीच्या दिवशी गावच्या रुग्णवाहिकेवर विनावेतन जातो. ईएमटी झालाय म्हणे. मी खोदून खोदून विचारलं. तिकडे साधारण चार पायऱ्या आहेत : आधी पोचणारा इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर, मग ईएमटी, मग ॲडव्हान्स्ड ईएमटी आणि सगळ्यांत वर पॅरामेडिक. ईएमटीचं शिक्षण साधारण दीडशे तासांच्या पुढे, पॅरामेडिकचं हजार तासांच्याही पुढे. १९७० साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय नोंदणी संस्था परीक्षा घेते, बहुतेक राज्यं ती मानतात, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही. पण एक गोष्ट मला फार आवडली. ईएमटी झाल्याशिवाय पॅरामेडिक होता येत नाही, आणि ईएमटी झालेल्याला वर चढायला वाट असते. पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. आज खालच्या पायरीवर उभं राहिलात म्हणून जन्मभर तिथंच राहायला लागत नाही.

आपल्याकडे काय आहे? १०८ क्रमांकाची सेवा हैदराबादला ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झाली आणि हळूहळू बऱ्याच राज्यांत पसरली. त्यातल्या अनेक राज्यांत गाडीवर प्रशिक्षित ईएमटी असतात. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली आली, ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक. पण आपल्या राज्यानं रचना वेगळी ठेवली. गाडीत चालकाबरोबर डॉक्टर, बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेऊन तातडीच्या सेवेचं प्रशिक्षण झालेले. रुग्णाच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. आमच्या मुलीच्या वहिनीला त्याचाच फायदा झाला. पण ‘कोर्स केला की १०८मध्ये नोकरी’ असं जो सांगतो, त्याला इथे लगेच विचारायला हवं की कुठल्या राज्यातल्या १०८मध्ये? आपल्याकडे ईएमटीला काम मिळतं ते मुख्यतः खाजगी दवाखान्यांच्या रुग्णवाहिकांवर, कारखान्यांच्या गाड्यांवर, मोठ्या कार्यक्रमांना आणि शर्यतींना लागणाऱ्या पथकांत.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०२१ साली संसदेनं आरोग्यक्षेत्रातल्या डॉक्टर आणि परिचारिका सोडून इतर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हा व्यवसाय नावानिशी आहे. आणि त्या कायद्यात ‘अलाइड हेल्थ प्रोफेशनल’ म्हणवून घ्यायला पदविका किंवा पदवीचं शिक्षण किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पुरं केलेलं हवं, असं म्हटलंय. हा आकडा मी डायरीत लिहून घेतला आणि आम्ही दोघी चौकशीला बाहेर पडलो.

आधी गेलो त्या वर्षभराच्या ‘ॲडव्हान्स्ड डिप्लोमा’कडे. काचेचं दार, एसी, गोड बोलणारी मुलगी. “मॅडम, सरकारमान्य पॅरामेडिक. गल्फमध्येसुद्धा चालतं.” मी विचारलं, वर्ग किती वेळ असतात? म्हणाली, रोज तीन तास, आठवड्याला पाच दिवस. मी तिथेच बोटांवर हिशेब केला. वर्षाचे ५० आठवडे धरले तरी साडेसातशे तास होतात. २,००० कुठे आणि साडेसातशे कुठे! सराव कुठल्या दवाखान्यात? “टायअप चालू आहे.” रुग्णवाहिका? “पत्रकावर आहे ना, मॅडम.” मान्यता कुणाची, तो कागद दाखवता का? “सर आले की.” सर काही आले नाहीत. बाहेर पडल्यावर मुलगी म्हणाली, “काकू, ८५ हजार म्हणजे आईच्या किती पोळ्या झाल्या असतील हो?” मला उत्तर सुचलं नाही.

मग पदवीचं महाविद्यालय. तिथे सगळं रीतसर होतं. मोठ्या रुग्णालयाला जोडलेलं, विद्यापीठाची मान्यता, खरोखरची गाडी. पण पहिल्याच प्रश्नाला दार बंद झालं. बारावी विज्ञान हवी, जीवशास्त्रासह. आमची मुलगी कला शाखेची. दहावीनंतर कला घेतली ती आवडीनं नव्हे. विज्ञानाच्या क्लासची फी परवडणार नव्हती म्हणून. मीही कलेचीच, त्यामुळे ते मला जरा जास्तच लागलं.

तिसरं, ते चार महिन्यांचं ‘बेसिक’. एका धर्मादाय रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत दोन खोल्या. एसी नाही. पण खोलीत सहा बाहुल्या जमिनीवर मांडलेल्या आणि मुलंमुली घामाघूम होऊन त्यांच्या छातीवर दाब देत होती. शिकवणारे गृहस्थ मोठ्यांदा आकडे मोजत होते. बारावी कोणत्याही शाखेची चालते म्हणाले. महिनाभर रुग्णालयाच्या अपघात विभागात आणि मग रुग्णवाहिकेवर ड्यूटी, त्याची वही रोज सही करून भरायची. मी विचारलं, हे झालं की ती पॅरामेडिक होईल का? ते हसले. म्हणाले, “नाही हो ताई. ही मदतनीसाच्या वरची आणि पॅरामेडिकच्या बरीच खालची. सुई आम्ही शिकवत नाही आणि तिनं नंतर कुणाच्या सांगण्यावरून टोचूही नये.” आणखी विचारलं, पुढे पदवीला जायचं झालं तर हे चार महिने धरले जातील? पुन्हा “नाही.” पगाराचंही खरं सांगितलं. सुरुवातीला फार नाही आणि रात्रपाळी चुकत नाही.

दोनदा ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसला. मुलीचा तर बाहुल्या बघूनच बसला होता.

राहिली आई. पैशाचं पटलं, पण खरी काळजी वेगळीच होती. “रात्री-बेरात्री परक्या गाडीत जायचं. पुरुषांच्या अंगाला हात लावायचा. उद्या लग्नाचं बघताना लोक काय म्हणतील, ताई?” ही काळजी मी हसण्यावारी नेली नाही. मीही एका मुलीची आई आहे. मुलगी शांतपणे म्हणाली, “आई, वहिनीच्या वेळी डॉक्टर चांगलेच होते. पण ती मला सारखी म्हणत होती, तू माझ्यापाशी थांब, तू जाऊ नको. गाडीत एक बाई असली की बाईमाणसाला किती बरं वाटतं, ते मी बघितलंय.” आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत तिनं कर्जाच्या अर्जावर सही केली. २५ हजारांच्या, ८५च्या नव्हे.

मुलगी नोव्हेंबरमध्ये पास झाली. आता एका खाजगी दवाखान्याच्या गाडीवर जाते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. सोडायला-आणायला दवाखान्याची गाडी येते, ही अट तिनं मुलाखतीतच घातली होती. पगार आईच्या मेसच्या पगाराहून थोडा जास्त, पण कर्जाचा हप्ता वेळेवर येतो. बारावी विज्ञानाचे विषय मुक्त विद्यालयातून देता येतील का आणि पदवीला ते चालतील का, याची तिची चौकशी चालू आहे. मध्यंतरी तिच्या वरिष्ठांनी एकदा म्हटलं, “सलाइन लावून टाक, बघून बघून येतंच की.” ती म्हणाली, “सर, ते माझ्या कामात नाही.” हे मला सांगताना ती थोडी घाबरलेली होती, नोकरी जाते की काय म्हणून. नोकरी गेली नाही. मला मात्र तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा ती पदवीधर झाली असती तरी वाटला नसता.

या सगळ्यातून मला जे वाटतं ते स्पष्टच लिहिते. ‘ईएमटी’ आणि ‘पॅरामेडिक’ हे शब्द आपल्याकडे कुणीही कुठल्याही पत्रकावर छापतो, हे थांबलं पाहिजे. कायदा झालाय. आता कोणत्या शब्दामागे किती तासांचं शिक्षण आहे हे रुग्णाच्या नातेवाइकाला बिल्ल्यावरून कळलं पाहिजे. आणि दुसरं, आपल्या पायऱ्या एकमेकींना जोडल्या पाहिजेत. दोन वर्षं रात्रंदिवस रुग्णवाहिकेवर काम केलेल्या मुलीला पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायला लावणं हा अन्याय आहे. बेसिकचे तास आणि अनुभव पुढच्या शिक्षणात धरले गेले, तर आईबापांना कर्ज काढून एकदम वरच्या पायरीवर उडी मारायची गरजच वाटणार नाही, आणि काचेच्या दारांमागची दुकानंही आपोआप ओस पडतील.

तोवर आपल्या हातात विचारणं आहे. तुमच्या घरातली, शेजारची, गटातली मुलं असं पत्रक घेऊन आली तर ‘मोठा कर’ म्हणू नका, माझ्यासारखं. आधी त्यांना विचारा, काम कुठे करायचंय? इथे की बाहेरच्या राज्यात, गाडीवर की दवाखान्यात? मग संस्थेत जा आणि विचारा की एकूण तास किती, त्यातले रुग्णालयातले आणि रुग्णवाहिकेवरचे किती, मान्यता कुणाची आणि तिचा कागद कुठे आहे. मागच्या वर्षी शिकून गेलेल्या दोघा-तिघांचे फोन मागा आणि ते आज कुठे काम करतात ते त्यांनाच विचारा. आणि शेवटी विचारा, हे शिकून माझ्या मुलीला काय करता येणार नाही? या प्रश्नाला जो लगेच उत्तर देतो, तिथे फी भरा.

आणि आपल्यासाठी सगळ्यांत खालची पायरी आहेच की. आमच्या मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटतो. यंदा ठरवलं, वाण म्हणून सीपीआर शिकायचं. ती मुलगी सुट्टी काढून आली, तिच्या सरांकडून दोन बाहुल्या मागून घेऊन. पैठण्या सावरत, बांगड्या मागे सारत चौतीस बायकांनी आळीपाळीनं गुडघ्यावर बसून दाब दिले. सत्तरीच्या एका आजींचे गुडघे वाकत नव्हते, तर त्या खुर्चीवर बसून आकडे मोजत होत्या. मुलीची आई दाराशी उभी राहून बघत होती. तिचा नंबर आला तेव्हा मुलीनं तिचे हात धरून बाहुलीच्या छातीवर नीट ठेवले आणि म्हणाली, “आई, कणीक मळतेस ना, तसा खांद्यातून जोर लाव.”

आईचे दाब सगळ्यांत चांगले बसले. रोज शेकडो पोळ्यांची कणीक मळणारे हात ते!